पाचवा वाढदिवस, कमीत कमी डोकेदुखीत कसा करावा?

मोरपीस
पुढच्या महिन्यात लेक पाच वर्षांची होतेय. गेल्या वर्षीचं दुखणं अजून ताजं आहे म्हणून महिनाभर आधीच धागा काढलाय.

गेल्या वर्षी हॉल घेतला होता. लहानमोठी मिळून साठेक माणसं, दणदणाट गाणी, माइकवर ओरडणारा एक दादा. केक कापायची वेळ झाली आणि उत्सवमूर्ती गायब. दहा मिनिटं शोधाशोध. शेवटी सापडली ती केकच्या टेबलाखालीच. वरून लोंबणाऱ्या झालरीच्या आत, दोन्ही कानांवर हात दाबून, एका पायातला बूट कुठेतरी पडलेला. तिला ओढूनच बाहेर काढलं, केक कापून घेतला, फोटो काढले. एकाही फोटोत तिचे डोळे कोरडे नाहीत. रात्री सगळे गेल्यावर मी ओट्याला टेकून रडले.

या वेळी घरीच करायचं ठरवलंय. पण किती मुलं, किती वेळ, काय खेळवायचं, काहीच सुचत नाही. नवरा म्हणतो, "एवढं काय त्यात, मुलं आपोआप खेळतात." सासूबाई म्हणतात, "बोलवायचं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नको." अनुभवी मंडळी, बोला.

काडेपेटी
मुलं आपोआप खेळतात हे खरंय. आपोआप कपाटावरही चढतात. नवऱ्याला सांगून ठेव.

पाटीपेन्सिल
बालवाडीत शिकवते, बावीस वर्षं झाली. वर्गात वाढदिवस एवढे पाहिलेत की मेणबत्तीचा वास आला तरी मी आधी मुलं मोजते.

ढोबळ हिशोब: जितकं वय, त्यात एक मिळवा, तितके पाहुणे. पाचव्याला सहा. हे काही शास्त्रवचन नाही, पण कारण आहे. पाच वर्षांचं मूल दोघांतिघांशी नीट खेळू शकतं. मुलं सहासात असली की त्यांचे दोन गट पडतात आणि ते चालतं. पंधरा झाली की चार गट पडतात आणि कुठल्याच गटात नसलेलं एक मूल दाराशी उभं राहून "आई कधी येणार" विचारतं.

धाकटी भावंडं येणार असतील तर त्यांच्याकडून एकत्र खेळण्याची अपेक्षाच ठेवू नका. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळण्याच्या पद्धती नोंदवून ठेवल्यात. त्यांत दोन-तीन वर्षांची मुलं बहुतेकदा शेजारीशेजारी बसून आपापलं खेळताना दिसतात. त्यांना एक डबा आणि चार ठोकळे देऊन चटईवर बसवलं की ती खूश. "अरे, ताईबरोबर खेळ ना" म्हणत मागे लागायचं नाही.

वेळ दीड तास. फार तर दोन. आणि ती तुमच्या सोयीची नको, तिच्या झोपेच्या हिशोबाने ठरवा. दुपारची झोप काढून, थोडं खाऊन उठली की तासाभरात सुरू. भुकेलेलं, झोपाळलेलं मूल आणि सात पाहुणे ही भट्टी कधीच जमत नाही.

उगाचच
संपायची वेळ आधीच सांगायची? लोक म्हणतील, बोलावतायत की हाकलतायत!

अर्धाकप
शब्दांचा खेळ आहे सगळा. मी निरोपात असं लिहिते: "पाच वाजता सोडा, साडेसहाला घ्यायला या." "कार्यक्रम साडेसहाला संपेल" म्हटलं की हाकलल्यासारखं वाटतं. "घ्यायला या" म्हटलं की पालकांना दीड तास मोकळा मिळाल्यासारखं वाटतं. एक आई तर पावणेसातला आली आणि म्हणाली, "जरा डोळा लागला होता."

मात्र पाच वर्षांच्या सगळ्याच मुलांना सोडून जाता येत नाही. ज्याचं मूल अजून आईवडिलांना धरून असतं त्याने थांबावं, असं त्याच निरोपात लिहून टाका. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "काही खायला चालत नाही असं आहे का?" दारात उभं राहून "अगं, त्याला दाण्यांची अॅलर्जी आहे" ऐकणं म्हणजे काय, ते मी अनुभवलंय. तयार ताटल्या आत नेऊन पुन्हा भरल्या.

मोरपीस
हे "घ्यायला या" मी आजच वहीत लिहून घेतलं. पण सासूबाईंचं काय करू? वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत.

साठीशांत
सासूबाईंच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं, मी स्वतः सासू आहे. त्यांना भीती पोरांची नसते हो, "आम्हाला नाही बोलावलं" म्हणणाऱ्या मोठ्या माणसांची असते. आमच्याकडे सुनेने युक्ती काढली. मुलांचा वाढदिवस मुलांचा, आणि नातेवाइकांना दुसऱ्या दिवशी निवांत चहाला. नातवाने आदल्या दिवशीचा उरलेला केक स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढला. मला आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या मांडीवर तासभर बसला. भरल्या हॉलमध्ये तो माझ्याकडे कधी फिरकलाही नव्हता.

वर्गाचं म्हणाल तर एक पथ्य पाळा. अठ्ठावीसपैकी सहा बोलावली तर चालतं. अठ्ठावीसपैकी पंचवीस बोलावलीत तर उरलेल्या तिघांचं काय होईल याचा विचार करा. आणि निरोप वर्गात वाटू नका, पालकांना खासगीत पाठवा.

पाटीपेन्सिल
साठीशांत, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. दप्तरातून निमंत्रणं वाटली जातात तेव्हा ज्याला मिळत नाही त्याचा चेहरा मला बघावा लागतो.

उगाचच
मी विरुद्ध पार्टीत. आमच्याकडे पन्नासेक लोक असतात दर वर्षी आणि मुलगा दिवसभर नाचतो. सगळ्यांना घरकोंबडे कशाला बनवायचं?

मोरपीस
तुमचा नाचतो, माझी टेबलाखाली गेली :)

उगाचच
बरोबर आहे. माझा मुद्दा मागे.

जुळ्यांची_आई
आता खेळांबद्दल, कारण माझा जीव तिथेच जातो. सगळ्यात वाईट असतात ती पहिली दहा मिनिटं. दोन मुलं आलीत, बाकीची यायचीत, कोणी कोणाशी बोलत नाही, वाढदिवसवालं पोर प्रत्येक भेटवस्तूच्या कागदाला नखं लावतंय. यावर माझा उपाय: फरशीवर पांढऱ्या कागदाची लांब पट्टी सेलोटेपने चारी बाजूंनी चिकटवायची आणि त्यावर खडू सांडून ठेवायचे. डब्यात नाही, सांडूनच. डबा असला की तो कोणाचा यावर भांडण होतं. येणारं प्रत्येक मूल चप्पल काढून थेट पालथं पडतं. शेवटचं येईपर्यंत कागदावर रस्ता, समुद्र, डायनासोर सगळं झालेलं असतं. तो कागद आमच्या दाराच्या मागे दोन वर्षं लावलेला होता.

संगीत खुर्चीत जो बाद होतो तो रडतो, आणि बाद झालेल्यांना करायला काही नसतं म्हणून तेच पडदे ओढतात. आम्ही खुर्ची काढतो, मूल काढत नाही. शेवटी दोन खुर्च्यांवर आठ मुलं एकमेकांच्या मांडीवर, पाठीवर. हसून हसून पडतात. खुर्च्या मजबूत घ्या, प्लास्टिकच्या हलक्या नकोत, आणि उशी टाकली तर खुर्चीशिवायही जमतं. पुतळा-पुतळा, म्हणजे गाणं थांबलं की जागच्या जागी थिजायचं, हाही बिनखर्चाचा आणि बिनरडीचा.

जेवढे खेळ ठरवाल त्याच्या निम्मेच होतील. मी पाच ठरवते, दोन होतात, त्यातला एक मुलांनी स्वतः काढलेला असतो.

दुधखुळा
बाबा-आयडी आहे, सांभाळून घ्या. माझा एकच सल्ला: केकवरची साखर कमी करायला सांगा. केक पोटात गेला की पोरं भिंतीवर चढतात.

नाडीपरीक्षा
दुधखुळा, हा समज फार जुना आहे, पण तपासण्यांत टिकलेला नाही. १९९५ साली २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात साखरेमुळे मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं दिसलं नाही. त्याआधी १९९४ साली एक गमतीशीर प्रयोग झाला होता. आपलं मूल साखरेने बिथरतं असं मानणाऱ्या आया त्यात होत्या, मुलगे पाच ते सात वर्षांचे. मुलांना प्रत्यक्षात साखर नसलेलं गोड पेय दिलं आणि निम्म्या आयांना सांगितलं की साखर दिलीय. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. एवढंच नाही, त्या मुलाच्या जास्त जवळ राहिल्या आणि त्याला जास्त टोकू लागल्या.

पोरं केकनंतर उसळतात कारण समोर सात मित्र आहेत, फुगे आहेत आणि कोणी गप्प बसा म्हणत नाहीये. दातांसाठी साखर जरूर कमी करा. त्यांना शांत करण्यासाठी नको.

दुधखुळा
म्हणजे इतकी वर्षं मी केकला उगाच शिव्या दिल्या. बायकोला दाखवतो हा प्रतिसाद. नको, नाही दाखवत.

नाडीपरीक्षा
आलेच आहे तर धोक्याचंही सांगून जाते. दवाखान्यात जे पाहिलंय त्यामुळे माझ्या घरच्या पार्टीत मी जरा जाचक असते.

फुगे: फुगलेल्या फुग्यापेक्षा न फुगवलेला आणि फुटलेला फुगा जास्त घातक. रबराचा तुकडा मऊ असतो, श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो, खोकून निघत नाही. अमेरिका आणि युरोपात फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा छापावा लागतो तो याचसाठी. फुगे मोठ्यांनीच फुगवायचे, आणि फुटला की त्याच क्षणी तुकडे उचलायचे. वर उडणारे फुगे आणणार असाल तर आत हेलियम आहे ना, ते विचारून घ्या. हायड्रोजन असेल तर तो पेट घेतो, आणि तुमच्याकडे मेणबत्ती आहे.

तो पांढरा फेस उडवणारा स्प्रे घरात आणूच नका. त्यातला वायू ज्वलनशील असतो. पेटती मेणबत्ती, आजूबाजूला मुलांचे केस आणि वरून स्प्रे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

गाणं वाजवणाऱ्या मेणबत्त्या, लुकलुकणारे दिवे, चमकणाऱ्या अंगठ्या यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. संशय आला तरी उलटी करवायला जाऊ नका, तडक रुग्णालय गाठा.

खाण्यात: चार वर्षांखालचं कोणी असेल तर पॉपकॉर्न आणि अख्खे दाणे नकोत. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. आणि सगळ्यांनी खाली बसून खायचं. पळता पळता तोंडात घास, हा माझा सर्वांत मोठा शत्रू.

काडेपेटी
हे वाचून मी आता वाढदिवसाला हेल्मेट घालून जाणार.

नाडीपरीक्षा
काडेपेटी नावाच्या आयडीने तर नक्कीच घालावं.

अर्धाकप
मेणबत्ती फुंकण्याबद्दल काय मत? आमच्याकडे सर्दीच्या दिवसांत मी फुंकू देत नाही, सगळे मला वेड्यात काढतात.

नाडीपरीक्षा
२०१७ साली अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या मंडळींनी मोजून पाहिलंय. फुंकल्यावर केकच्या वरच्या थरावर सरासरी चौदापट जिवाणू सापडले. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण मूल आजारी असेल तर एका छोट्या कपकेकवर मेणबत्ती लावा, तो त्याने फुंकावा आणि त्यानेच खावा. मोठा केक बाजूला.

जुळ्यांची_आई
कपकेकची कल्पना आमच्याकडे दुसऱ्याच कारणाने लागू पडते. जुळे आहेत, मेणबत्ती एकाने आधी फुंकली की दुसरा आडवा. दोन कपकेक, दोन मेणबत्त्या, गाणं दोनदा. पाहुणे कंटाळतात, पण घरात शांतता राहते.

उगाचच
रिटर्न गिफ्टचं कोणी बोललंच नाही. प्रत्येक वाढदिवसाहून घरी एक पिशवी येते, त्यात शिट्टी, चिकट बाहुली, उडी मारणारा बेडूक. दुसऱ्या दिवशी सगळं सोफ्याखाली.

पाटीपेन्सिल
शिट्टी देणाऱ्याला मी मनातल्या मनात बरंच काही बोलते. एकच वस्तू द्या, जी वापरून संपते: रंगीत खडूंचं पाकीट, मातीचा गोळा, बियांची पुडी. किंवा काहीच देऊ नका. मुलं घरी जाऊन "पिशवी नाही मिळाली" असं एकदा म्हणतात आणि विसरतात, आठवण ठेवतात ते आईबाप. आणि ज्यांच्या घरी तीन वर्षांखालचं भावंड आहे त्यांच्यासाठी सोपी परीक्षा: संडासातल्या कागदाच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्या बाळाच्या हाती लागता कामा नये.

भेटवस्तू पाहुण्यांसमोर उघडू नका. पाच वर्षांचं मूल "हे माझ्याकडे आहे" असं बेधडक म्हणतं. समोरच्याचं मन राखायला खोटं बोलणं त्याला अजून नीट जमत नसतं.

साठीशांत
अजून एक राहिलं. घरातली एक खोली रिकामी ठेवा, दार अर्धं उघडं, आत उशा आणि दोनचार पुस्तकं. मोरपीस, तुमच्या लेकीला आधीच दाखवून ठेवा की नको वाटलं तर इथे यायचं, कोणी रागावणार नाही. टेबलाखाली ती खोलीच शोधत होती ती.

मोरपीस
साठीशांत, शेवटचं वाक्य वाचून जरा थांबले. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे "अगं, तुझाच तर वाढदिवस आहे" एवढंच म्हणत होतो.

आज तिला विचारलं, कोण हवंय. पाच नावं सांगितली, त्यातलं एक शाळेच्या गेटवरच्या मांजराचं. झाल्यावर येऊन लिहिते.

(पाच आठवड्यांनी)

मोरपीस
वृत्तांत द्यायला आले. उशीर झाला, पण कारण थकवा नव्हता, हे आधी सांगते.

सहा मुलं आणि एक धाकटा भाऊ. पाच ते साडेसहा. कागदाची पट्टी, सांडलेले खडू, जसं सांगितलं तसं. दोन मुलं आली तेव्हा लेक माझ्या मागे लपली होती. चौथं आलं तेव्हा ती पालथी पडून मांजर काढत होती. गेटवरचं मांजर येऊ शकत नव्हतं म्हणून त्याला कागदावर बसवलं, आणि मग सगळ्यांनी त्याच्यासाठी घर, ताटली, गादी, इतकंच काय, त्याची शाळाही काढली. पाऊण तास गेला त्यात. माझे ठरवलेले चार खेळ वहीतच राहिले.

ट्रेझर हंट मात्र करायचंच होतं. मुलांना वाचता येत नाही म्हणून चिठ्ठ्यांवर चित्रं काढली होती: बादली, बूट, उशी, धुण्याचं मशीन. चार ठिकाणी चार चिठ्ठ्या दुपारीच लपवल्या. नवऱ्याने "मदत म्हणून" साडेचारला मशीन लावलं. मुलांनी दार उघडलं तर आत ओले टॉवेल आणि माझ्या चिठ्ठीचा लगदा. मी हताश. एक मुलगा तो लगदा तळहातावर घेऊन म्हणाला, "खजिना विरघळला." मग सात जणांनी तो विरघळलेला खजिना टॉवेलांच्या घड्यांतून वेचला. खरा खजिना, म्हणजे खडूंची पाकिटं, उशीखालून मी नंतर गुपचूप काढून दिली. कोणी विचारलंही नाही.

केक. हाच माझ्या छातीवरचा दगड होता. खोली आधीच दाखवून ठेवली होती, आणि मेणबत्ती लावायच्या आधी ती तिथे गेलीच. मी मागे गेले नाही. गेल्या वर्षीची मी असते तर गेले असते. दोनेक मिनिटांनी दारातून डोकं काढून म्हणाली, "गाणं हळू म्हणाल का?" सासूबाई तिथेच होत्या, त्यांनीच ओठांवर बोट ठेवलं. मग सगळ्यांनी गाणं कुजबुजत म्हटलं. सात मुलं आणि चार मोठी माणसं, नुसता श्वासाचा आवाज. ती चालत आली, मेणबत्ती फुंकली, आणि सुरी मागितली.

फोटो तीनच आहेत. एकात माझा अंगठा आहे.

नातेवाईक दुसऱ्या दिवशी चहाला आले. एका आत्याबाईंनी टोमणा मारला, "हॉल मिळाला नाही वाटतं." सासूबाई म्हणाल्या, "आम्हीच नको म्हटलं." आम्ही! मी आत जाऊन उगाच कप विसळत बसले.

साठीशांत
त्या "आम्ही"साठी तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

जुळ्यांची_आई
विरघळलेला खजिना मी ढापतेय. आमच्याकडे पुढच्या महिन्यात आहे, चिठ्ठ्या मुद्दाम मशीनमध्ये टाकणार.

दुधखुळा
मशीन लावणाऱ्या बाबाला माझा पाठिंबा. तो खरंच मदत करत होता.

काडेपेटी
सगळं छान, पण मूळ प्रश्न राहिला. नवऱ्याला कपाटाचं सांगितलं होतंस का?

मोरपीस
सांगितलं होतं. दीड तास तो कपाटापाशी पहाऱ्यावर उभा होता. वर कोणीही चढलं नाही. साडेसहाला घ्यायला आलेल्या आईने विचारलं, माझा कुठाय, तेव्हा कपाटाचं दार उघडलं. आत तिघं होती.